विरक्त की खचलेला?



शाळा सुरू होण्याच्या दिवसांत आळंदीच्या एसटी स्टँडवर थोडा वेळ उभे राहून पाहा. पत्र्याची पेटी, वळकटी आणि नवे कोरे टाळ घेतलेली दहा-बारा वर्षांची पोरे उतरताना दिसतात. सोबत बाप असतो, कधी आजा असतो. कोणी नांदेडकडचा, कोणी बुलढाण्याचा, कोणी बीडचा. संस्थेच्या ओसरीवर टेकल्यावर बाप हात जोडून एकच वाक्य बोलतो, "महाराज, पोरगं तुमच्या पदरात घातलं." मग तो परतीच्या गाडीला लागतो आणि पोर दारात उभे राहून बघत राहते.

या एका वाक्याचा आज आपण विचार करू. पदरात घातलं म्हणजे काय काय घातलं? हरिपाठ, काकडा, गीता, ज्ञानेश्वरी, पखवाज, चाली हे तर आलेच. दोन वेळचे अन्न आले. ताप आला तर गोळी आली. पण त्या पोराचे मन? ते पदरात आले की पेटीत कुलूप लावून राहिले? जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, त्याला शंभर वर्षे उलटून गेली. त्या एका संस्थेच्या मागे आज आळंदीत आणि गावोगावी लहानमोठ्या कितीतरी संस्था उभ्या आहेत. हजारो पोरे घर सोडून शिकायला येतात. म्हणून हा प्रश्न एका-दोघांचा नाही, आपल्या सगळ्या संप्रदायाचा आहे.

मी काही मनाचा वैद्य नाही. पन्नास वर्षे नारदाच्या गादीवर उभा राहिलो. घसा साथ देईना तेव्हा गादी सोडली, आणि आता आमच्या भागातल्या एका लहानशा संस्थेत मुलांना हरिपाठ सांगतो. जे लिहितो ते पोरांच्या सहवासातून आणि संतांच्या चरित्रातून उमगलेले आहे. त्यात उणे असेल ते आपण पुरे करून घ्यावे.

पहिली गोष्ट अशी की आपल्या घरातले दुःख ओळखायला अवघड असते, कारण आपली भाषाच ते झाकते. शहरातल्या शाळेत एखादा मुलगा म्हणाला, "मला कशात रस वाटत नाही, मला कोणाशी बोलायचे नाही, जेवण जात नाही," तर शिक्षक दचकतो. आपल्याकडे तोच मुलगा म्हणतो, "महाराज, संसारात काही सार नाही, मी मौन धरलंय, मी एकभुक्त राहतो." आणि आपण त्याची पाठ थोपटतो! चार लोकांत सांगतो, पोरगं वैराग्याला लागलं. खचलेल्या पोराला विरक्तीचा अंगरखा इतका बेतशीर बसतो की पाहणारा फसतो, आणि कधी कधी घालणाराही फसतो.

मग दोघांत फरक कसा करायचा? मी चार गोष्टी पाहतो.

एक, अन्न. वारकऱ्याचा उपवास एकादशीला असतो आणि द्वादशीला तो आनंदाने सुटतो. ज्या उपवासाला बारस आहे तो उपवास. ज्याला बारसच नाही, ताटावर बसून पोर भाताची शिते इकडून तिकडे करते आणि ताट तसेच उचलते, त्याला उपवास म्हणू नये. झोपेचेही तसेच. काकड्याला पहाटे उठणे वेगळे आणि रात्रभर आढ्याकडे बघत पडून काकड्याची वाट पाहणे वेगळे.

दोन, माया. विरक्ताच्या वस्तू कमी होतात, पण माया वाढते. तो लहान पोराला पाठ सांगतो, आजाऱ्याला पाणी देतो, गाईच्या पाठीवरून हात फिरवतो. खचलेल्याच्या वस्तूही सुटतात आणि मायाही आटते. लहानगे जवळ आले तरी त्याला ते नको असते.

तीन, गोडी. विरक्ताची बाकीची गोडी कमी झाली तरी नामाची वाढते. खचलेल्याला नामही ओझे होते. तो ओठ हलवतो, पण घास गिळवत नसावा तसा.

चार, आणि ही सगळ्यांत मोठी खूण: तो स्वतःबद्दल काय बोलतो. "मी सर्वांचा दास" म्हणणे ही नम्रता आहे. त्यात आपण कोणाचे तरी आहोत हा आधार असतो. "मी कोणाच्याच कामाचा नाही, मी नसतो तर बरं झालं असतं" ही नम्रता नव्हे. ही जखम आहे. दोन्ही वाक्ये बोलताना मान खाली जाते, म्हणून ऐकणाऱ्याने कान जागा ठेवावा.

माउली, मनाचे दुखणे पहिल्यांदा शरीरातून बोलते, ही काही आजची नवी विद्या नव्हे. गीतेचा पहिला अध्याय काढा. त्याचे नावच अर्जुनविषादयोग. ज्या अर्जुनाने मोठमोठ्या वीरांना पाणी पाजले, तो काय सांगतो? गात्रे गळून जातात, तोंडाला कोरड पडते, अंगाला कंप सुटतो, रोमांच उठतात, हातातून गांडीव निसटते, त्वचेचा दाह होतो, उभे राहवत नाही, मन भ्रमल्यासारखे होते. एकेक लक्षण नीट मोजून सांगितले आहे. आणि त्यावर भगवंतांनी पहिल्या अध्यायात किती उपदेश केला? काही नाही. रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा करून, हे जमलेले कौरव पाहा, एवढेच ते बोलले. मग अर्जुनाला सगळे बोलू दिले. धनुष्य टाकून तो रथात बसेपर्यंत ऐकले. पुढे सतरा अध्याय सांगायचे होते, तरी पहिला अध्याय ऐकण्यात घालवला. आपण मात्र पोराने तोंड उघडले रे उघडले की अठरावा अध्याय सुरू करतो.

आता संस्थेत रोज दिसणाऱ्या खुणा सांगतो. त्या बारीक आहेत आणि एकेकट्या पाहिल्या तर क्षुल्लक वाटतील.

कीर्तनकाराचे तोंड श्रोत्यांकडे असते आणि टाळकरी मागे उभे असतात. तरी कोणाचा टाळ आज जड पडतो हे पाठीला कळते. धृपद उचलताना नेहमी पुढे येणारा आवाज एक दिवस येत नाही. एक दिवस सर्दी असेल. आठ दिवस येत नाही, तेव्हा सर्दीचा विषय संपला. पहिल्या ओळीत उभे राहण्यासाठी भांडणारे पोर आपणहून मागच्या ओळीत जाते, मग खांबाच्या आड जाते. पावली खेळताना त्याचे पाऊल अर्धी मात्रा मागे राहते. पखवाज वाजवणारा मुलगा धुम्यावर लावलेली कणीक वाजवून झाल्यावर खरवडून काढीत नाही. ती तशीच वाळते. ज्या वाद्याला तो लेकरासारखे जपत होता त्याच्याकडे तो वळून बघत नाही.

पाठांतराचेही असेच. ज्याला शंभर ओव्या बिनचूक येत होत्या तो दहाव्या ओवीवर अडकतो. आपण त्याला आळशी म्हणतो, छडी उगारतो. पण येत असलेले पाठांतर विनाकारण जात नाही. आत काहीतरी मोठे येऊन बसले की ओव्यांना जागा उरत नाही.

काही पोरे रडत नाहीत, चिडतात. शांत मुलगा ताटावरून, आंघोळीच्या बादलीवरून हाणामारीवर येतो. मुलग्यांचे दुःख पुष्कळदा रागाचे कपडे घालून येते, कारण रडले तर हसतील ही भीती असते. काहींचे पोट दुखते, डोके दुखते, आणि डॉक्टरला काही सापडत नाही. त्याला सोंग म्हणू नका. पोट खरेच दुखत असते. कोणी अंगाची स्वच्छता सोडतो, धोतर धूत नाही, गोपीचंदन कसेतरी फासतो. कोणी सुट्टी लागली तरी घरी जायचे नाव काढत नाही, आणि कोणी सुट्टी संपून परत यायच्या नावाने थरथरतो. या दोन्हींमागे काही कारण असते आणि ते विचारल्यावाचून कळत नाही.

मी स्वतः तेराव्या वर्षी परभणीकडून आळंदीला आलो. तेव्हा आम्हाला झोळी घेऊन माधुकरी मागावी लागे. त्याचे काही वाटत नसे. पण एखाद्या दारात माउली भाकरी घालता घालता आपल्या पोराला हाक मारी, आणि ती हाक ऐकली की माझ्या पोटात कालवे. मग मी इंद्रायणीवर जाऊन तोंड धूत असे. डोळे लाल का, याला उत्तर तयार राही. आमचे एक अध्यापक होते, कडक. त्यांनी "का रडतोस?" असे एकदाही विचारले नाही. चार दिवस नुसते पाहिले. पाचव्या दिवशी म्हणाले, "आजपासून समया तू आणि मी मिळून घासायच्या." राख आणि चिंच घेऊन आम्ही रोज संध्याकाळी बसू. ते त्यांच्या गावाकडच्या म्हशीची गोष्ट सांगत, आपल्या म्हाताऱ्या आईची सांगत. मी ऐके. पंधरा-वीस दिवस गेले आणि एका संध्याकाळी मीच आपणहून बोलू लागलो. त्यांनी हातातली समई खाली ठेवली नाही, माझ्याकडे रोखून पाहिले नाही, घासत राहिले आणि ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "या पौर्णिमेला घरी जाऊन ये. मी पत्र घालतो." एवढेच. मी गेलो, चार दिवस आईजवळ राहिलो आणि परत आलो. पुढे कधी इंद्रायणीवर तोंड धुवायला पळावे लागले नाही.

यातून मी जे शिकलो ते आजही वापरतो. पोराला समोर बसवून "बोल, काय झालंय तुला?" असे विचारले की त्याला वाटते, आपली चौकशी लागली. शेजारी बसावे. हातात काम असावे. तुळशीमाळ ओवावी, टाळांच्या दोऱ्या बदलाव्यात, शेंगा फोडाव्यात. नजर कामावर असली की जीभ मोकळी होते. चार पोरांत विचारू नये, आणि दार लावून कोंडूनही विचारू नये. सगळ्यांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशी जागा निवडावी: ओसरी, पार, घाटाची पायरी. प्रश्न छोटा असावा. "अलीकडं तुझा टाळ ऐकू येत नाही रे," एवढे म्हणावे आणि थांबावे. थांबणे फार कठीण असते, विशेषतः आम्हा बोलण्यावर पोट भरणाऱ्यांना! पण थांबावे.

आता एक दृष्टांत सांगतो. घडलेला आहे. मुलाची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत.

सोळा-सतरा वर्षांचा मुलगा. हुशार, गळा गोड. काही महिन्यांत त्याचे बोलणे कमी झाले. जेवण एकवेळ केले. लोक म्हणू लागले, पोरगं पुढं मोठं नाव काढणार, बघा कसं उदास वृत्तीनं राहतं. एक दिवस हरिपाठाला एका लहान मुलाच्या हातात मला त्याचे टाळ दिसले. ते टाळ त्याच्या आज्याने दिलेले होते, तो कोणाला हात लावू देत नसे. मी लहानग्याला विचारले, "हे कुठून आणलेस रे?" तो म्हणाला, "दादानं दिले. म्हणाला, मला आता लागणार नाहीत." दुपारी कळले की त्याने आपली ज्ञानेश्वरीही एकाला देऊन टाकली. आणि त्याच आठवड्यात त्याने मला पाठाच्या वेळी शंका विचारली होती: "महाराज, आपणहून देह ठेवणाऱ्याची गती काय?" शंका म्हणून पाहिली तर ती शास्त्राची होती. पण टाळ, पोथी आणि ही शंका तिन्ही एका ओळीत ठेवली आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली.

त्या संध्याकाळी मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. इकडचे तिकडचे बोलून सरळ विचारले, "बाळा, मरून जावं असं मनात येतं का?" अनेकांना वाटते, असे विचारले तर नसलेला विचार पोराच्या डोक्यात जाईल. तसे होत नाही. जाणते डॉक्टरही हेच सांगतात. ज्याच्या मनात नसते तो "छे, महाराज" म्हणून हसतो. ज्याच्या मनात असते त्याच्या डोक्यावरचा दगड कोणीतरी पहिल्यांदा हात लावून पाहिलेला असतो. तो मुलगा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "रोज येतं." आणि मग जो रडला तो थांबेचना.

मी त्याला त्या वेळी एकही प्रमाण सांगितले नाही. आत्महत्या पाप आहे हेही सांगितले नाही. बुडणाऱ्याला पोहण्याचे शास्त्र सांगत नाहीत. एवढेच म्हणालो, "बरं केलंस सांगितलंस. आता हे ओझं तुझं एकट्याचं नाही." तो म्हणाला, "महाराज, कोणाला सांगू नका." मी म्हणालो, "गावभर सांगणार नाही. पण तुझ्या जिवासाठी ज्यांना सांगायला पाहिजे त्यांना सांगणार, आणि तुला विचारून, तुझ्यासमोर सांगणार." हे आधीच स्पष्ट केले. जिवाच्या गोष्टीत गुप्ततेची शपथ घेऊ नये.

त्या रात्री त्याला एकटे ठेवले नाही. मी आणि आणखी एक अध्यापक त्याच्याजवळ झोपलो. सकाळी त्याच्यासमोर घरी फोन केला. बाप संध्याकाळपर्यंत पोचला. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराच्या डॉक्टरांकडे गेलो. औषध सुरू झाले, डॉक्टरांशी बोलणे सुरू झाले. दोन-चार दिवसांत बरे झाले असे काही नाही. कित्येक महिने गेले. मधे एकदा तो पुन्हा खाली गेला, पुन्हा डॉक्टर, पुन्हा सोबत. शिक्षण अर्धे राहिले. आज तो गावी शेती पाहतो, एकादशीला देवळात मृदंग वाजवतो. मोठा कीर्तनकार झाला नाही. पण आहे. माउली, "आहे" या शब्दाची किंमत त्याच्या आईला विचारावी.

इथे कोणी पूर्वपक्ष करील: नामात एवढे सामर्थ्य आहे, मग डॉक्टर कशाला? औषध दिले तर आपली निष्ठा कमी पडली असे नाही का होत? याचे समाधान वारीतच आहे. पालखी सोहळ्यात पाण्याचे टँकर असतात, रुग्णवाहिका असतात, वाटेत डॉक्टरांची पथके असतात. पायाला फोड आला तर वारकरी त्याला मलम लावून घेतो आणि पुन्हा नाम घेत चालू लागतो. मलम लावले म्हणून कोणी त्याची वारी खोटी ठरवीत नाही. पायाच्या फोडाला जे चालते ते मनाच्या फोडाला का चालू नये? नाम सोडायचे नाहीच. पण खचलेल्या पोराला पहिल्याच वाक्यात "नाम घे, सगळं ठीक होईल" म्हटले की तो असा अर्थ काढतो: मी नाम घेतोच आहे, तरी ठीक होत नाही, म्हणजे देवालाही मी नकोसा झालो. आपले चांगले वाक्य त्याच्या जखमेवर मीठ होऊन पडते. आधी ऐकावे, मग आधार द्यावा, उपचार द्यावा. नामाची गोडी मागाहून परत येते. ती येताना मी पाहिली आहे.

दुसरी शंका: आमच्या काळी कुठे होते हे सगळे? होते. फक्त त्याला नाव नव्हते. "अमका रात्रीतून पळून गेला," "तमक्याच्या डोक्यावर परिणाम झाला" असे म्हणून आपण पुढे जात होतो.

संतांच्या घरी काय घडले ते आठवा. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतल्यावर चार भावंडे पोरकी झाली. लोकांनी छळले. एकदा ज्ञानोबाराय मनाने दुखावले आणि ताटी लावून आत बसले, अशी परंपरेतली कथा आहे. साक्षात ज्ञानियांच्या राजाने दार लावून घेतले! त्या वेळी बाहेर कोण उभे राहिले? चौघांत सगळ्यांत धाकटी मुक्ताई. तिने ताटी मोडली नाही, आणि "बसू दे, आपोआप बाहेर येईल" असेही म्हटले नाही. दाराशी उभी राहून ती विनवीत राहिली. ते ताटीचे अभंग आपण गातो, चालीवर म्हणतो. त्यातला आचार मात्र घ्यायचा राहतो. लावलेली ताटी पहिल्यांदा बरोबरीच्यांना आणि धाकट्यांनाच दिसते, कारण रात्री शेजारी तेच झोपतात. म्हणून मी मुलांना सांगून ठेवले आहे: मित्र जेवत नाही, रात्री रडतो, वस्तू वाटून टाकतो, मरणाच्या गोष्टी करतो, असे दिसले तर मोठ्यांना सांगणे ही चहाडी नव्हे, ती मुक्ताईची सेवा आहे.

तुकोबारायांचेही पाहा. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात घर धुऊन निघाले, थोरली बायको अन्नावाचून गेली, मूलही गेले. महाराज डोंगरावर जाऊन बसले. आपण त्यांचे वैराग्य सांगतो आणि ते खरेच आहे. पण भाकरी घेऊन भंडाऱ्याची चढण चढणारी जिजाई कीर्तनात थट्टेचा विषय होते. तो डोंगर उन्हात चढून पाहावा, म्हणजे थट्टा सुचणार नाही. ज्याचे मन डोंगरावर गेले आहे त्याच्यापर्यंत कोणीतरी रोज भाकरी घेऊन चढावे लागते. एकदा चढून भागत नाही. पहिल्या दिवशी सगळे विचारतात, पंधराव्या दिवशी कोणी विचारत नाही, आणि पोराला खरी गरज पंधराव्या दिवशी असते.

एक कडू गोष्ट टाळता येत नाही. कधी कधी पोराच्या दुःखाचे कारण घरी नसते, संस्थेतच असते. एखाद्या मोठ्या माणसाचे नाव निघाले की पोर आखडते, त्याच्या खोलीकडे जायला नकार देते, झोपेत दचकते, अंथरूण ओले करते. अशा वेळी संप्रदायाचे नाव खराब होईल म्हणून झाकाझाक करू नये. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा आहे, त्याला लोक पॉक्सो म्हणतात. मुलावर असा अत्याचार झाल्याचे माहीत असून पोलिसांना न कळवणे हाही त्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा नसता तरी धर्म हाच होता. पोराचे म्हणणे खरे धरून ऐकावे, त्याला त्या माणसापासून तत्काळ दूर करावे, आणि कळवावे. नाव झाकल्याने संप्रदाय वाचत नाही, लेकरू जपल्याने वाचतो.

संस्था चालवणाऱ्यांना, अध्यापकांना आणि आईबापांना माझी हात जोडून विनंती आहे. प्रत्येक मुलाशी आठवड्यातून एकदा तरी पाठाव्यतिरिक्त चार शब्द बोलणारा एक मोठा माणूस ठरलेला असावा. घरी फोन करायची मोकळीक असावी आणि फोनवर बोलताना कोणी डोक्यावर उभे राहू नये. चुकल्याबद्दल चारचौघांत अपमान करू नये. कच्चे-पक्के थापटून पाहिल्यावर नामदेवरायांसारख्यांच्याही डोळ्यांत पाणी आले अशी कथा आहे, मग बारा वर्षांच्या पोराची काय कथा! भिंतीवर दोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत: लहान मुलांच्या मदतीचा १०९८, आणि मनाच्या त्रासासाठी सरकारची टेली-मानस सेवा, १४४१६. दोन्हीला पैसे पडत नाहीत, दोन्ही दिवसरात्र चालू असतात, मराठीत बोलता येते. फोन पोरानेच करायला पाहिजे असे नाही. काय करावे हे सुचत नसेल तर आपणही करावा. आणि जीव द्यायची गोष्ट कानावर आली तर उद्यावर टाकू नये. त्या रात्री पोराला एकटे सोडू नये आणि दवाखाना गाठावा.

आईबापांनो, आपणही ऐका. पोरगे फोनवर "बरा आहे" म्हणाले की त्या दोन शब्दांवर समाधान मानू नका. काय जेवलास, कोणाशेजारी झोपतोस, कोणती चाल शिकलास असे विचारा. "मला घरी यायचंय" म्हणाले तर "लोक काय म्हणतील" हे उत्तर देऊ नका. आधी जाऊन या, डोळ्यांनी पाहा, मग ठरवा. शिक्षण अर्धे सोडून परत आलेले पोर पुन्हा कधीतरी शिकू शकते.

आणि आपण वारकरी मंडळी, जी वर्षातून एकदा या पोरांना दिंडीत भेटतो, आपल्यालाही काम आहे. पंढरीत गर्दीत पोर हरवले तर ध्वनिक्षेपकावरून त्याचे नाव पुकारतात, हजारो माणसे इकडेतिकडे पाहू लागतात. पण दिंडीत आपल्या शेजारी चालता चालता जे आतल्या आत हरवते त्याची पुकार होत नाही. यंदा वारीत एखादा विद्यार्थी मुक्कामाच्या ठिकाणी पंगतीपासून दूर, राहुटीच्या दोरीला टेकून बसलेला दिसला, तर त्याला माउली म्हणून नुसता नमस्कार करून पुढे जाऊ नका. ताट घेऊन त्याच्या शेजारी बसा. आपल्या गावाचा पाऊस सांगा, आपल्या नातवाची खोडी सांगा. आपले ताट संपेपर्यंत तो बोलला तर ऐका. नाही बोलला तर उद्याच्या मुक्कामालाही त्याच्याच शेजारी बसा, आणि त्याच्या दिंडीच्या विणेकऱ्याच्या कानावर एक शब्द घाला.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल.